गोडी छाटणीआधी ट्रॅक्टरचं वजन तपासा: द्राक्षबागेत चाक का घसरतं, वेट कुठे आणि किती लावायचं

गोडी छाटणी, म्हणजे फळांसाठीची छाटणी, झाल्यावर पोंगा (फुगलेला डोळा) फुटल्यापासून फुलोरा संपेपर्यंत फवारणी पुढे ढकलता येत नाही आणि परतीचा पाऊस नेमका तेव्हाच गाठतो. रात्री पाऊस, सकाळी पानं ओली, डाऊनी रोगाची धास्ती. अशा वेळी ब्लोअर (फवारणीचं यंत्र) भरून ओळीत घातलेला मिनी ट्रॅक्टर निम्म्या ओळीत जागेवर चाक फिरवायला लागतो. मग घाईघाईने चाकात पाणी भरा, बंपरवर माणूस बसवा, असे प्रकार सुरू होतात. वजन तपासून वेट, म्हणजे चाकांना किंवा बंपरला लावायची जादा वजनं, बसवण्याचं काम सप्टेंबरात, जमीन वाफशावर (ना चिखल, ना कोरडी) असताना करून ठेवायचं असतं. आणि वेट विकत घेण्याआधी आपली जमीन कोणती ते बघायचं असतं, कारण वजन वाढवलं की पकड वाढते हे सगळ्याच जमिनीत खरं नाही.

मुरमाड, वाळूमिश्र किंवा हलक्या जमिनीत चाकाची पकड कणांच्या घर्षणातून येते. तिथे चाकावरचं वजन वाढलं की ओढ जवळपास त्याच प्रमाणात वाढते. भारी काळी जमीन पाण्याने भरली की घर्षण जवळजवळ संपतं. मग पकड मिळते ती मातीच्या चिकटपणातून, आणि ती चाकाची किती जागा जमिनीला टेकते त्यावर ठरते. तिथे दोन्ही चाकांना मिळून शंभर किलो लावले तर चाक शंभर किलोंनी खाली रुततं, पुढे काही सरकत नाही. चार बोटं खोलीची माती घ्या आणि तळहातावर वळून सुतळीएवढी, साधारण ३ मिलिमीटर जाडीची वळी करून बघा. त्याआधीच ती तुटली, भुगा झाली, तर ट्रॅक्टर घालायला हरकत नाही. न तुटता सुतळीसारखी वळत राहिली तर त्या दिवशी कितीही वेट लावलं तरी उपयोग नाही. वाफसा येईपर्यंत थांबा, नाहीतर बांधावर पंप ठेवून लांब पाइप आणि गनने फवारणी उरका.

आधी घसर मोजा

चाक घसरतंय हे डोळ्यांना दिसतं तेव्हा घसर वीस-पंचवीस टक्क्यांच्या पुढे गेलेली असते. त्याआधीची घसर दिसत नाही, पण डिझेल आणि टायर दोन्ही खाते. मोजायला खडू, दोन खुंट्या आणि एक माणूस पुरतो. टाकी साध्या पाण्याने पूर्ण भरा आणि ट्रॅक्टर फवारणीच्याच गिअरमध्ये, पीटीओ (ब्लोअर फिरवणारा ट्रॅक्टरचा शाफ्ट) चालू ठेवून ओळीत चालवा. मागच्या टायरच्या बाजूला खडूची जाड रेघ मारलेली असू द्या. रेघ जमिनीला टेकली तिथे एक खुंटी, चाकाचे बरोबर १० फेरे झाले तिथे दुसरी. आता ब्लोअर सोडून मोकळा ट्रॅक्टर त्याच ओळीत, त्याच दोन खुंट्यांमध्ये चालवा आणि फेरे मोजा. ९ फेरे भरले तर घसर १० टक्के, साडेआठ भरले तर १५ टक्के, आठ भरले तर २०.

टू-व्हील ड्राइव्हला १० ते १५ टक्के आणि फोर-व्हील ड्राइव्हला ८ ते १२ टक्के घसर योग्य समजा. त्याहून कमी भरली तर ट्रॅक्टर गरजेपेक्षा जड आहे आणि उलट वजन उतरवायचं आहे. ही मर्यादा अनेकांना खटकते, कारण अजिबात न घसरणारं चाक चांगलं वाटतं. पण थोडी घसर हीच गिअरबॉक्स आणि अॅक्सलची सुटका असते. चाक जमिनीत अडकून बसलं की झटका थेट क्लच आणि दात्यांवर जातो.

खुंट्या नसतील तर चाकोरी वाचा. टायरच्या नक्षीचा ठसा ओळखू येतो, पण जरासा फरफटलेला असेल तर बरोबर. ठसा साच्यातून काढल्यासारखा कोरीव उमटला तर वजन जास्त आहे. नक्षी पुसून नुसता गुळगुळीत पट्टा राहिला तर चाक घसरतंय.

वेटच्या आधी हवा

मिनी ट्रॅक्टरच्या मागच्या टायरमध्ये पंक्चरवाला सवयीने २५-३० पीएसआय हवा भरून देतो. रस्त्यावर ट्रॉलीला ती ठीक, पण बागेत एवढ्या हवेने टायर मधोमध फुगतो आणि कडेची नक्षी जमिनीला टेकतच नाही. शेतातल्या कामाला बहुतेक मिनी ट्रॅक्टरच्या मागच्या टायरला १२ ते १४ पीएसआय पुरतात. नक्की आकडा ट्रॅक्टरच्या पुस्तकात टायरच्या मापासमोर दिलेला असतो, त्याच्या खाली जाऊ नका. हवा सकाळी, टायर थंड असताना मोजा आणि दोन्ही बाजूंना सारखी ठेवा. नुसत्या या एका दुरुस्तीने वेटचा प्रश्न मिटलेल्या बागा पुष्कळ आहेत, आणि खर्च शून्य.

हवा कमी केल्यावर रिम आणि टायर दोन्हींवरून जाणारी रंगाची एक रेघ मारून ठेवा. काही दिवसांनी रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकलेले दिसले तर टायर रिमवर फिरतोय. आणखी थोडा फिरला की ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळापासून फाटतो. अशा वेळी दोन पीएसआय हवा वाढवा.

टायर उलटा बसलेला नाही ना, तेही बघून घ्या. मागून पाहिल्यावर नक्षी घराच्या छपरासारखी, टोक वर असलेली दिसली पाहिजे. उलट्या टायरच्या नक्षीत चिखल भरून राहतो आणि चाकाचा नुसता रूळ होतो.

वजन मागे की पुढे

इथे सगळ्यात जास्त गफलत होते. ट्रेल्ड, म्हणजे स्वतःच्या चाकांवर मागे ओढायचा ब्लोअर असेल, तर त्याचं वजन बरंचसं त्याच्याच चाकांवर असतं आणि ट्रॅक्टरला फक्त ओढावं लागतं. इथे वेट मागच्या चाकांना हवं. तीन-बिंदू जोडणीवर उचललेला ब्लोअर असेल, तर त्याचा सगळा भार आधीच मागच्या अॅक्सलवर आलेला असतो. मागे आणखी वेट लावणं निरर्थक, तिथे पुढचं तोंड हलकं झालेलं असतं. स्टिअरिंग हलकं लागणं, वळणावर पुढची चाकं सरळच घसरत जाणं, बांध चढताना तोंड उचलणं ही त्याची लक्षणं. फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर पुढची चाकं हवेत तरंगल्यासारखी फिरतात आणि त्यासाठी मोजलेले पैसे वाया जातात.

हिशेब सोपा आहे. ट्रॅक्टर ९५० किलोचा, त्यातले ४०० किलो पुढच्या चाकांवर, पुढच्या-मागच्या अॅक्सलमध्ये दीड मीटर अंतर असं धरा. टाकी भरलेल्या ब्लोअरचं वजन ४०० किलो आणि त्याचा मध्य मागच्या अॅक्सलपासून एक मीटर मागे. तो उचलला की पुढच्या चाकांवरून ४०० × १ ÷ १.५, म्हणजे सुमारे २६५ किलो निघून जातात आणि पुढे उरतात जेमतेम १३५. स्टिअरिंग नीट लागायला ट्रॅक्टरच्या वजनाच्या निदान २० टक्के, इथे १९० किलो, पुढच्या चाकांवर हवेत. म्हणजे ५५ किलो कमी पडतात. बंपरचं वेट पुढच्या अॅक्सलच्याही ६० सेंटिमीटर पुढे असेल तर प्रत्येक किलोमागे पुढच्या चाकांवर १.४ किलो भार येतो, म्हणून साधारण ४० किलो, वीस-वीसची दोन बिडाची (ओतीव लोखंडाची) वजनं पुरतात.

आपल्या ट्रॅक्टरचे आकडे वजनकाट्यावर मिळतात. फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, मग पूर्ण ट्रॅक्टर घ्या, मग ब्लोअर भरून उचललेला असताना पुन्हा फक्त पुढची चाकं घ्या. तीन पावत्यांत सगळं कळतं.

माणूस हे वेट नव्हे. बंपरवर, मडगार्डवर किंवा ड्रॉबारवर (मागच्या ओढायच्या पट्टीवर) माणूस बसवून काम उरकण्याची पद्धत थेट जीवावर बेतते. ओल्या ओळीत धक्का बसला की तो पडतो तो चाकासमोरच, नाहीतर पीटीओच्या शाफ्टवर. आणि ट्रेल्ड ब्लोअर ड्रॉबारलाच जोडा. वरच्या दुव्याला किंवा अॅक्सलच्या वर साखळी लावून ओढला तर मागचं वेट जितकं जास्त, तितका ट्रॅक्टर मागे उलटण्याचा धोका जास्त.

बीड की पाणी

द्राक्षबागेसाठी आमचा कौल बिडाच्या चकत्यांना. जादा वजनाची गरज वर्षातून थोडे आठवडे असते, आणि चकती पान्याने तासाभरात उतरते. पाणी उतरवत कोणी बसत नाही. ते वर्षभर तसंच राहतं आणि रोज त्याच चाकोरीत, अन्न-पाणी शोषणाऱ्या पांढऱ्या मुळीच्या डोक्यावरून फिरतं. शिवाय छाटणीनंतर ओळीत पडलेली तार, बाभळीचा काटा यांनी पाणी भरलेली ट्यूब पंक्चर झाली तर पन्नास-साठ किलोंनी जड झालेलं चाक चिखलात उतरवणं म्हणजे फवारणीचा दिवस गेला.

मागच्या प्रत्येक चाकाला २० ते ४० किलो एवढ्यापासून सुरुवात करा, घसर पुन्हा मोजा, मगच वाढवा. दोन्ही बाजूंना वजन सारखंच. चकती चाकाच्या डिस्कमधल्या वेगळ्या भोकांतून ८.८ ग्रेडच्या बोल्टने आणि लॉकनटने बसवा. चाकाचेच नट काढून त्याच स्टडवर चकती अडकवू नका, चाक ढिलं होतं. पहिल्या तासाभराच्या कामानंतर सगळे नट पुन्हा आवळा. चकती डिस्कच्या खोलगट भागात, टायरच्या कडेच्या आत बसली पाहिजे. बाहेर आलेली कड आठ-नऊ फुटी ओळीत खोडाची साल सोलते, ड्रिपची लॅटरल नळी ओढते. डिस्कमध्ये सिमेंट-काँक्रीट ओतण्याचा जुगाड स्वस्त आहे, पण तेवढ्याच वजनाला बिडाच्या तिप्पट जागा लागते, एका बाजूला जास्त पडलं की चाक डगमगतं, आणि तडकलं की तुकडे ओळीत पडतात.

तरीही पाणीच भरायचं असेल, म्हणजे हाच ट्रॅक्टर पुढे नांगर, फणपाळीलाही लागणार असेल, तर असं भरा. सपाट, कडक जागेवर हँडब्रेक लावून दुसऱ्या चाकांना दगड लावा. अॅक्सल जॅकने उचलून खाली भक्कम स्टँड द्या, नुसत्या जॅकवर काम नको. व्हॉल्व्ह बरोबर वर, घड्याळातल्या बाराच्या जागी आणा. पिन आणि तिच्याभोवतीचं आतलं नळकांडं काढा. हवा जोरात सुटते आणि पिन उडते, तोंड बाजूला ठेवा. दीड-दोन मीटर उंच टाकीवरून नळी जोडून पाणी सोडा आणि मिनिटा-दोन मिनिटांनी नळी काढून आतली हवा निघू द्या, नाहीतर पाणी जायचं थांबतं. व्हॉल्व्हच्या पातळीला पाणी आलं की टायर सुमारे ७५ टक्के भरला. तिथेच थांबा. वरची हवा हीच टायरची स्प्रिंग असते. पूर्ण भरलात तर चाक दगडासारखं आपटतं आणि टायरच्या दोऱ्या तुटतात. रेडियल टायर असेल तर ४० टक्क्यांवरच थांबा. मग पिन बसवून वरून हवा भरा.

८.३-२४ मापाच्या टायरमध्ये अशा रीतीने ५५ ते ६५ लिटर, ९.५-२४ मध्ये ७५ ते ८५ लिटर पाणी बसतं, आणि लिटरला किलो हा हिशेब आहेच. बादल्या मोजून दोन्ही चाकांत सारखं भरा. पाण्याच्या टायरमध्ये हवेची जागा थोडी असल्याने जराशी गळतीही दाब झपाट्याने उतरवते, म्हणून आठवड्याला तपासा. तपासताना व्हॉल्व्ह वर ठेवा आणि गेजमध्ये पाणी शिरलं तर ते झटकून कोरडं करा, नाहीतर गेज गंजतं. थंड देशांत पाण्यात कॅल्शियम क्लोराइड घालतात ते पाणी गोठू नये म्हणून. निफाडच्या थंडीतही त्याची गरज नाही, उलट ते सांडलं की रिम खातं. ट्यूबलेस टायरमध्ये साधं पाणीसुद्धा थेट रिमला लागतं, तिथे बीडच बरं.

फवारणीच्या दिवशी

ओल्या ओळीत सगळ्यात स्वस्त वेट म्हणजे टाकीतून कमी केलेलं पाणी. ६०० लिटरच्या ट्रेल्ड टाकीत ३५० लिटरच भरले तर मागे ओढायचं वजन अडीचशे किलोंनी कमी होतं. फेऱ्या वाढतात, पण ट्रॅक्टर अडकत नाही. औषधाचं प्रमाण मात्र तेवढ्याच पाण्याला काढा. उताराच्या बागेत भरलेली टाकी उताराच्या दिशेने न्या आणि रिकामी होत आल्यावर चढ घ्या. अर्धी भरलेली टाकी आडव्या उतारावर हिंदकळते, तिथे वेग कमी ठेवा.

डिफरन्शियल लॉक (मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा) चाक घसरायला लागण्याआधी, सरळ ओळीतच दाबा. एक चाक जोरात फिरत असताना दाबला तर दाते तुटतात, आधी क्लच दाबून चाक थांबू द्या. ओळ संपून वळण घेण्याआधी तो सुटलाय याची खात्री करा. आणि चाक एकदा जागेवर फिरलं की रेस वाढवू नका. टाकीतलं द्रावण बादल्यांनी किंवा पाइपने दुसऱ्या पिंपात काढून घ्या, ट्रॅक्टर हलका करा आणि आलेल्या चाकोरीतूनच सावकाश मागे काढा.