गारठ्याच्या रात्रीची तयारी दुपारीच करा

कोल्हापुरात हिवाळ्यातला पहाटेचा पारा साधारण १४-१५ अंशांवर असतो. तो चार-पाच अंशांनी खाली आला की आपली भाजी, केळी, रोपवाटिका सगळं अडचणीत येतं. सपाट प्रदेशात थंडीची लाट म्हणायला हवामान खातं किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली पाहतं. किनारपट्टीला मात्र १५ अंशच पुरे. दोन्हीकडे ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी घसरलेलं असावं लागतं. त्यामुळे कोकणात पाहुण्यांची बाग असेल तर त्यांनाही आधीच कळवून ठेवा.

अंदाजातला आकडा तुमच्या रानाचा नसतो. गार हवा जड, ती पाण्यासारखी उताराने वाहते आणि ओढ्याकाठी, पंचगंगेच्या मळीत साचते. माळावरच्या रानापेक्षा तिथे दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो. आभाळ निरभ्र आणि दिवस मावळताना वारा पडलेला, अशी रात्र सगळ्यात वाईट. ढग असतील तर तेवढी भीती नाही.

सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे पाणी. ओली जमीन दिवसभराचं ऊन साठवते आणि रात्री ती ऊब हळूहळू सोडते. कोरडी, भुसभुशीत जमीन फारसं काही साठवत नाही. म्हणून दुपारीच हलकं पाणी द्या, सरी तुंबवू नका. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी हिवाळ्यात हवेपेक्षा कोमट असतं, ते मिळालं तर उत्तमच. विजेची पाळी रात्रीचीच असेल तर मध्यरात्रीनंतर द्या, कारण गारठा सूर्य उगवायच्या आधी सगळ्यात जास्त असतो.

इथे एक चूक हमखास होते. थंडी येणार म्हटलं की लोक भाजीच्या वाफ्यात कोरडं पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, पसरतात. त्याने मुळं उबदार राहतात हे खरं, पण जमिनीची ऊब वर यायची अडते आणि पाचटाच्या वरची पानं उघड्या रानापेक्षा जास्त गारठतात. थंडी ओसरल्यावर पसरा. धुराचंही तसंच. धुराने ऊब फारशी वाढत नाही, आणि वाळल्या उसाशेजारी ठिणगी उडाली तर फड जातो.

टोमॅटो, मिरची, काकडीच्या रोपांवर कमानी करून कापड किंवा जुन्या साड्या टाका. कडा मातीने दाबा, कापड पानाला टेकू देऊ नका आणि ऊन वर आल्यावर काढा. दिवस मावळायच्या आत झाकलं तरच आतली ऊब टिकते. केळीच्या घडांनाही झाकण घाला. पारा बराच वेळ १२ अंशांखाली राहिला की केळीची वाढ थांबते.

सुरू म्हणजे हिवाळ्यात लावायच्या उसाची लागण आठवडाभर पुढे गेली तर बिघडत नाही. गार मातीत डोळे फुटत नाहीत, टिपरी म्हणजे लावलेला उसाचा तुकडा कुजतो. खोडव्यात, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा येणाऱ्या पिकात, बुडख्यांवरचं पाचट सरीत ओढा, ऊन लागलं की फुटवा लवकर येतो. उन्हाळी भुईमुगाचीही घाई नको. गहू, हरभऱ्याला ही थंडी मानवते, फक्त मावा किडीवर नजर ठेवा. आजरा, चंदगडकडे आंब्याच्या मोहोरावर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, दिसली तर पाण्यात विरघळणारं ८० टक्के गंधक लिटरला २ ग्रॅम फवारा.

गोठ्यात उत्तर बाजूला गोणपाट बांधा, पण वरून हवा खेळती ठेवा. रेडकांखाली कोरडं पाचट हवंच, ओल्या फरशीवर ती आजारी पडतात. कोंबडीच्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते. पिल्लं दिव्याखाली गोळा होऊन एकमेकांवर चढायला लागली की ऊब कमी पडतेय असं समजा.

आणि गारठा लागलाच तर दुसऱ्या दिवशी विळा घेऊन धावू नका. काळवंडलेली पानंसुद्धा आतल्या शेंड्याला आडोसा देतात. लगेच युरियाही टाकू नका, कोवळी फूट पुढच्या थंडीत पहिली जळते. आठ-दहा दिवस थांबा. शेंडा हिरवा दिसला तर झाड वाचलं, मग वाळलेलं तेवढंच छाटा.