झाडं छाटायला जुनी बकेट गाडी घेताय? भर दुपारी तपासा

मे महिन्यात वीजतारांवर आलेल्या फांद्या छाटायची कामं एकदम निघतात आणि घाईघाईत जुनी बकेट गाडी, म्हणजे माणसाला पाळण्यात उभं करून वर नेणारी गाडी, घेतली जाते. ‘कमी किलोमीटर चाललेली बघा’ हा सल्ला हमखास मिळतो. तो कुचकामी आहे. ही गाडी उभ्यानं काम करते, इंजिन चालू आणि चाकं जागेवर. किलोमीटरवरून बूमची, म्हणजे बकेट उचलणाऱ्या लांब हाताची, झीज कळत नाही.

आरसी, फिटनेस, विमा, चासी नंबर पाहून घ्या. इंजिन-क्लच तुमचा नेहमीचा मिस्त्री पाहील.

आता बूम. सगळ्यात जास्त मी इथेच झगडलोय, म्हणून सविस्तर सांगतो. विकणारा सकाळी बोलावतो, बूम वर-खाली करून दाखवतो आणि गिऱ्हाईक खूश होतं. बूम उचलणारं हायड्रॉलिक ऑईल थंड असताना घट्ट असतं, त्यात आतली गळती लपते. परभणी-नांदेडच्या उन्हात ऑईल तापून पातळ झालं की तोच बूम हळूहळू खाली बसायला लागतो. म्हणून दुपारी जा आणि आधी तासभर बूम चालवायला लावा.

मग जॅक, म्हणजे गाडीला आधार देणारे बाजूचे पाय, जमिनीवर टेकवा. बकेटमध्ये प्लेटवर लिहिलेल्या वजनाइतकी वाळूची पोती ठेवा. माणूस बसवू नका, खालीही कुणी उभं राहू नये. बूम आडवा लांबवा आणि इंजिन बंद करा. बकेटला दोरी आधीच बांधून टोकाला नट लावलेला असू द्या, तो जमिनीपासून चार बोटं वर राहू द्या. पंधरा मिनिटं थांबा. ऑईल निवताना जरा आकसतं, तेवढा किंचित फरक चालतो. नट जमिनीला टेकला तर सिलिंडरचं (ऑईलच्या दाबावर बूम उचलणाऱ्या नळकांड्याचं) सील किंवा लॉक व्हॉल्व्ह (ऑईल अडवून बूम जागेवर धरणारी झडप) गेलाय. सील किटवर भागत असेल तर भाव पाडा. सिलिंडर उघडल्यावर आत ओरखडे निघाले तर गाडी सोडून द्या. खालचा बूम, वरचा बूम आणि जॅक, प्रत्येकाची चाचणी वेगळी घ्या. ‘चार बोटं तर उतरतो, काय होतंय’ म्हणणाऱ्याला विचारा, त्या बकेटमध्ये चालू करवत घेऊन तो स्वतः उभा राहील का.

बूमच्या बुडाशी आणि कोपरावर ताजा रंग दिसला तर तो खरवडा. वेल्डिंगलगत गंजाची बारीक तांबडी रेघ म्हणजे तडा. असली गाडी स्वस्तातही नको. बकेट हातानं हलवा. खडखड झाली तर सांध्यांचे पिन-बुश झिजलेत, ते बदलता येतात.

फायबरची बकेट म्हणजे करंट लागत नाही, ही समजूत जिवावर बेतते. इन्सुलेशनचा ताजा चाचणी अहवाल नसेल तर सगळी गाडी लोखंडाची समजा. आणि अहवाल असला तरी, महावितरणनं लाईन बंद करून अर्थिंग केल्याशिवाय 11 केव्हीच्या तारांजवळ बकेट नेऊच नका.

काळी माती वरून सुकलेली दिसते, आत ओल असते आणि जॅक रुततो. जाड, रुंद फळ्या कायम गाडीतच ठेवा.

पिनांना ग्रीस दर आठवड्याला. ऑईल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी गेलंय, लगेच बदला. दाबाखालच्या पाइपची गळती हातानं कधीही चाचपू नका. बारीक धार कातडीत शिरते, पुठ्ठा धरून बघा. कापलेली फांदी बकेटवर टेकवायची नाही. काम संपलं की बूम आणि जॅक पूर्ण मिटवा. सिलिंडरच्या बाहेर राहिलेल्या रॉडवर गंजाचे खड्डे पडतात आणि तेच नवं सील फाडतात.