हौतात्म्याचं एचिंग: काळोख कुठे चढवायचा

एचिंगमध्ये, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेघा कोरून त्या छापण्यात, हुतात्म्याचं चित्र बिघडतं ते बहुधा जखमाच जास्त काळ्या केल्यामुळे. बरोक काळातले (सतराव्या शतकातले) छापकार उलट करत. स्पॅनिश चित्रकार रिबेराच्या १६२४च्या ‘संत बार्थोलोम्यू’मध्ये जल्लाद सुरी दातांत धरून हाताची कातडी सोलतोय, पण संताचं अंग उजेडात आहे, त्वचेची छटा बारीक ठिपक्यांनी धरली आहे. फ्रेंच छापकार झाक कॅलोनं १६२७च्या सुमारास नागासाकीचे २३ फ्रान्सिस्कन हुतात्मे छापले. ५ फेब्रुवारी १५९७ला क्रुसावर गेलेल्या त्या लोकांत आपल्या वसईचा गोन्सालो गार्सियाही होता. सरावाला हाच विषय घ्यावा.

एक मिलिमीटर जाडीचा, १०×१५ सेंमीचा तांब्याचा पत्रा घ्या. कडा कानशीने तिरक्या घासा, नाहीतर कागद फाटतो आणि प्रेसचं ब्लँकेट (कागदावर अंथरायचं लोकरी जाड कापड) कापलं जातं. खडूची पूड आणि व्हिनेगरने पत्रा चोळा. पाणी थेंब न धरता सपाट पसरलं, की तेल गेलं. मग पत्रा गरम करून हार्ड ग्राउंडचा, म्हणजे आम्ल अडवणाऱ्या मेणकट लेपाचा, पातळ थर द्या. जाड थर रेघ मारताना तडकतो. चित्र उलटं ट्रेस करा. विसरलात तर छापात डावं-उजवं बदलतं.

लेपातून सुईने सगळ्या रेघा एकदमच ओढा, पण खोली आम्लाने द्या. कॅलोचं खरं कौशल्य इथेच आहे. पहिल्या बुडवणीनंतर आकाश, दूरचे क्रूस आणि हुतात्म्याचं अंग वॉर्निशने झाका. दुसरीनंतर मधली गर्दी झाका. शेवटी फक्त पुढचे शिपाई आम्लात राहू द्या. आम्ल म्हणून वापरायच्या फेरिक क्लोराइडमध्ये पत्रा पालथा टांगावा, कारण गाळ रेघांत बसला की चावा, म्हणजे द्रावणाने तांबं कोरणं, अडतो. वेळ ठरवायला आधी त्याच तांब्याच्या पट्टीवर ५, १०, २०, ४० मिनिटांचे चावे घेऊन छापून पाहा. बडोद्यात मे महिन्यात द्रावण तापतं आणि चावा झपाट्याने होतो, त्यामुळे जानेवारीची पट्टी तेव्हा उपयोगाची नाही. हातमोजे, चष्मा हवेतच. वापरलेलं द्रावण मोरीत ओतू नका, त्यात तांबं असतं.

सुती कागद अर्धा तास भिजवून टिपकागदात दाबा. कोरडा कागद खोल रेघेतली शाई उचलत नाही, चिंब कागदावर शाई फुटते. शाई जाळीच्या कापडाने, शेवटी तळहाताने पुसा. अंगावरचा भाग जास्त स्वच्छ ठेवा. पहिल्या प्रूफमध्ये (चाचणी छापात) अंग तरीही काळवंडलं, तर तेवढ्या रेघा बर्निशरवर (गुळगुळीत टोकाच्या हत्यारावर) थेंबभर तेल घेऊन दाबत बसवा आणि पुन्हा छापा.