व्हायरस आला म्हणून मशीन उचलण्याआधी

नागपूरला बर्डीवर माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. भरतीचे फॉर्म निघाले की गर्दी वाढते. उमरेड, काटोलहून पोरं सीपीयू मांडीवर घेऊन एसटीनं येतात आणि म्हणतात, "भाऊ, व्हायरस आला जी." यातलं बरंचसं घरी दुरुस्त होतं. तिकिटाचे पैसे आणि फॉर्मचा दिवस वाया जाऊ नये, म्हणून हे लिहितो आहे.

उजव्या कोपऱ्यात "तुमच्या पीसीत 5 व्हायरस" असं सारखं येतं का? बहुतेक वेळा ती एखाद्या साइटची जाहिरात असते. कधीतरी तुम्ही तिला 'अलाऊ' दिलेलं असतं. त्यावर क्लिक करू नका. क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स असं जा आणि अनोळखी साइट काढून टाका.

फॉर्मची साइट अर्धवट उघडत असेल, तर कंट्रोल-शिफ्ट-एन दाबून इनकॉग्निटो खिडकीत उघडून पाहा. तिथं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्राम) सहसा बंद असतात आणि जुन्या कुकीजही (साइटनं ब्राउझरमध्ये ठेवलेल्या नोंदी) नसतात. तिथं नीट चाललं, तर दोष या दोहोंपैकी एकाचा. एक्स्टेन्शन एकेक करून बंद करत पाहा, नाहीतर त्या साइटच्या कुकीज पुसा. प्रत्येक साइटवर 'कनेक्शन सुरक्षित नाही' असं येत असेल, तर आधी घड्याळ बघा. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरचा सीआर 2032 सेल संपला की तारीख मागे जाते आणि ब्राउझरला साइटची प्रमाणपत्रं चुकीची वाटतात. सेल बदला, तारीख लावा, झालं.

आता डाउनलोडचं. मला खरी काळजी याचीच आहे. मराठी टायपिंग शिकणारी पोरं 'फ्री फॉन्ट' शोधतात आणि एका पानावर त्यांना तीन-चार हिरवी 'डाउनलोड' बटणं दिसतात. त्यातली मोठी बटणं बहुधा जाहिरातीची. युनिकोड मराठीसाठी, म्हणजे वेबसाइटवर आणि मोबाइलवर चालते त्या मराठीसाठी, काही उतरवायची गरजच नाही. विंडोज 10 आणि 11 मध्ये निर्मला फॉन्ट असतो, भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडली की कीबोर्ड येतो आणि विंडोज-स्पेसनं बदलता येतो. पीडीएफही ब्राउझरमध्येच उघडते. प्रिंटरचा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरूनच घ्या. गुगलवर सगळ्यात वर 'प्रायोजित' लिहिलेला दुवा दिसला, तर पत्ता अक्षर-अक्षर वाचा.

फाइल एक्सप्लोररमध्ये फाइलनेम एक्स्टेन्शन्स, म्हणजे फाइलच्या नावाची पीडीएफ, ईएक्सई अशी शेपटं, दिसतील असं करून ठेवा. विंडोज ती लपवून ठेवतं, म्हणून 'हॉलतिकीट.पीडीएफ.ईएक्सई' तुम्हाला साधी पीडीएफ वाटते. ईएक्सई म्हणजे चालणारा प्रोग्राम, हॉलतिकीट कधी ईएक्सई नसतं. शंका आली तर फाइल उघडू नका, व्हायरसटोटल या फाइल तपासायच्या साइटवर टाका. अनेक अँटिव्हायरस ती एकदम तपासतात. मात्र आधार, मार्कशीट तिथं टाकू नका. तिथं टाकलेली फाइल इतरांच्याही हाती पडू शकते.

आणखी एक, हे घरातल्या सगळ्यांना सांगा. 'तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करा' म्हणत एखादं पान विंडोज-आर, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर दाबायला सांगत असेल, तर ते पान तिथंच बंद करा. पानानं गुपचूप कॉपी केलेला आदेश तुमच्याच हातानं चालवून घ्यायचा असतो, आणि मग ब्राउझरमधले पासवर्ड जातात. स्क्रीनभर भोंगा वाजवून 'या नंबरवर फोन करा' म्हणणारं पानही तसलंच. मायक्रोसॉफ्टच्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. एस्केप दाबून धरा, नाहीच गेलं तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केपनं टास्क मॅनेजर उघडून ब्राउझर बंद करा.

असली फाइल किंवा आदेश चाललाच असेल, तर आधी इंटरनेट तोडा. मोबाइलवरून मेल आणि बँकेचे पासवर्ड बदला, सगळीकडून लॉग-आउट करा. मग विंडोज सिक्युरिटीतून डिफेंडरचा, म्हणजे विंडोजच्याच अँटिव्हायरसचा, ऑफलाइन स्कॅन लावा. मशीन रिस्टार्ट होईल, साधारण 15 मिनिटं लागतात. पैसे गेले असतील, तर माझ्याकडे यायच्या आधी बँकेला आणि 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. मशीन नंतर आणली तरी चालते.