आबांची करंगळी

आमचे आबा शिवाजी पेठेत, तालमीच्या मातीत वाढलेले. लकवा मारला तो उजव्या अंगाला. घरी आणल्यावर पहिले पंधरा दिवस मी त्यांचा हात धरून वर-खाली करायचो, सकाळी पन्नास, संध्याकाळी पन्नास. फिजिओथेरपीच्या बाई एकदा बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "व्यायाम तुमचा होतोय दादा, त्यांचा नाही."

सांधे आखडू नयेत म्हणून तेही लागतं. पण मेंदूच्या गेलेल्या भागाचं काम बाकीच्या भागांनी उचलायचं, तर हुकूम पेशंटच्याच डोक्यातून सुटायला हवा. हात इंचभर हलू दे, पण त्यानं हलवलेला पाहिजे. काय आणि किती करायचं ते फिजिओथेरपिस्टकडून ठरवून घ्या.

सुरुवात टेबलावर करा, कारण हवेत हात उचलायला जास्त ताकद लागते. तळहाताखाली रुमाल घाला, सनमायकावर जराशी पावडर टाका आणि वीतभर पुढं तांब्या ठेवा. "आबा, तांब्याला शिवा." एवढं बोलून आपण गप्प बसायचं. मला हेच सगळ्यात जड गेलं.

बोटं हलायला लागली की भुईमुगाच्या शेंगा घ्या. भेटायला येणारा प्रत्येकजण दाबायला रबरी चेंडू आणतो. आमच्याकडं चार साठलेत. पण आबांची मूठ आधीच आवळलेली, खरी अडचण ती उघडायची. म्हणून शेंग उचलायची, वाटीवर न्यायची आणि सोडायची. अंगठा सुटायचा, मधली बोटं सुटायची, शेंग मात्र करंगळीत अडकून बसायची. आबा तिच्याकडं टक लावून म्हणायचे, "सोड की गं बये!" वीस झाल्या की विसावा, मग पुन्हा वीस. जोर मोजावेत तशा ते स्वतःच मोजायचे.

चांगला हात लई आगाऊ असतो, मध्येच मदतीला धावतो. एडवर्ड टॉब या अमेरिकन शास्त्रज्ञानं माकडांच्या एका हाताच्या संवेदनेच्या नसा तोडल्या, तर माकडं तो हात वापरेचनात. चांगला हात बांधल्यावर मात्र वापरायला लागली. त्यातूनच चांगला हात अडवायची पद्धत निघाली. शेंगांच्या वेळी आम्ही आबांच्या डाव्या हातात जाड मोजा चढवायचो. मनगट आणि बोटं पेशंटला स्वतःहून थोडी तरी वर उचलता येत असतील तरच हे करा, तेही विचारून. चालताना तर नकोच, काठी त्याच हातात असते.

खुर्चीतून उठताना पावलं गुडघ्यांच्या जरा मागं घ्यायची, पुढं वाकायचं, नाक पायाच्या बोटांवर आलं की उठायचं. जमत नसेल तर खुर्चीवर सतरंजीची घडी घालून उंची वाढवा. आधार द्यायचा तर कमरेला पट्टा बांधून तो धरा. कमजोर दंडाला धरून ओढू नका. मी ओढलं, आबांचा खांदा दीड महिना ठणकत होता.

चालायला मागं पट्टा असलेलं पायताण हवं. कोल्हापुरी चप्पल सटकते, पण आबांना तीच पाहिजे. मग ती बसल्याजागी सरावाला ठेवली: पाय सरकवायचा, अंगठा अंगठ्यात घालायचा. आठव्या महिन्यात एका संध्याकाळी तो गेला आत. मला हाक मारून म्हणाले, "आरं, डावी कुठं ठेवलीस?"

ती मी माळ्यावर टाकली होती.