जुन्या वूफरचा फोम घरी बदलताय? मग आधी कॉइलचं ऐका

ग्रिल काढली, वूफरच्या (बेस वाजवणाऱ्या मोठ्या गोल स्पीकरच्या) कडेला बोट लावलं आणि काळा चिकट चुरा हाताला आला, की बहुतेक जण स्पीकर उचलून रिपेअरवाल्याकडे जातात आणि तो म्हणतो, "नवीन पेपर टाकून देतो, संध्याकाळी घेऊन जा." देऊ नका. हात जोडून सांगतो. पेपर म्हणजे कोन, आवाज काढणारा पुढचा शंकूसारखा पडदा, आणि "टाकून देतो" म्हणजे मूळ कोन, स्पायडर (कोनला मागून धरणारी सुरकुत्यांची चकती), कॉइल (मॅग्नेटच्या फटीत हलणारं तारेचं वेटोळं) सगळं ओरबाडून काढणार आणि बाजारात जो तयार सेट असेल तो बसवणार. आवाज येईल हो, लग्नाच्या मांडवातही येतोच की. पण कोनचं वजन, स्पायडरचा ताण, कॉइलचे वेढे हे त्या स्पीकरच्या खोक्याच्या हिशोबाने ठरवलेलं असतं, आणि गेलेला असतो फक्त कडेचा फोम.

मी हे काम डोंबिवलीत घरच्या डायनिंग टेबलवर करतो, चौदा-पंधरा वर्षं झाली, चाळीसेक जोड्या झाल्या असतील. पहिली जोडी काकांची, त्यांनी ऐंशीच्या दशकात मस्कतहून आणलेले जेबीएल एल११२, बारा इंची वूफर. त्यावर मी जे काय शिकलो ते खाली येईलच.

आधी तुमच्याकडे फोमच आहे का ते बघा. एआर-३ए, लार्ज ॲडव्हेंट, टॅनॉयचे एचपीडी, बोस ९०१ची तिसरी सिरीज आणि पुढच्या, हे सगळे स्पीकर फोमवाले. यामाहा एनएस-१०००एम किंवा जेबीएलचा जुना एल१०० सेंच्युरी यांची कड कापडाची असते, एलएस३/५एची रबराची, तिथे हा लेख लागू नाही, उगाच खाजवू नका. फोम मरतो कारण तो पॉलीयुरेथेन असतो आणि हवेतला ओलावा त्याच्या साखळ्या तोडत बसतो. स्पीकर वाजवा नाहीतर पेटीत ठेवा, तो मरणारच. कोरड्या हवेत पंधरा-वीस वर्षं निघतात, आपल्याकडे कोकणपट्टीत मी दहा वर्षांत चुरा झालेला बघितलाय. म्हणून "जपून वापरलेत, फोम ओरिजिनल आहे" असं कोणी विकताना सांगितलं की ते मी तक्रार म्हणूनच ऐकतो.

आणि फाटलेल्या फोमवर सिलिकॉन, पंक्चरचं सोल्युशन, कापडाच्या पट्ट्या असले प्रकार करू नका, त्याने कड जड आणि ताठ होते, एका बाजूला जास्त, मग कोन वाकडा चालायला लागतो. "फोमऐवजी रबराची रिंग टाका, आयुष्यभर बघायला नको" हा सल्लाही खूप फिरतो. रबर जड असतं, त्याचा ताण वेगळा असतो, वूफरचा रेझोनन्स (ज्या सुरावर तो आपणहून जास्त हलतो तो) सरकतो आणि ज्या बेससाठी तुम्ही तो स्पीकर सांभाळलात तोच जातो. फोमच्या जागी फोमच.

खर्च करण्याआधी दोन मिनिटांची तपासणी. मल्टिमीटर लावा, आठ ओमच्या वूफरला साडेपाच ते सातच्या मधे काहीतरी दिसायला हवं, चारवाल्याला तीन-साडेतीन. काहीच दिसत नसेल तर बहुतेक कॉइल तुटलीय, फोम बदलून उपयोग नाही. मग फोम नसलेला कोन दोन्ही हातांनी हलकेच आतबाहेर करा, खरखर आली तर लगेच निराश होऊ नका, फाटक्या फोमवर कॉइल बाजूला झुकलेली असते, पण तीच खरखर कोन नीट मधे धरूनही येत राहिली तर कॉइलचा वेढा सुटलाय असं समजा.

नव्या फोमची रिंग मागवताना "बारा इंची" एवढंच सांगू नका. कोनचा बाहेरचा व्यास, फ्रेमवर फोम जिथे बसतो तिथला आतला आणि बाहेरचा व्यास, आणि फोमच्या गोलाईची रुंदी, अशी चार मापं मिलिमीटरमध्ये घ्या. लार्ज ॲडव्हेंटचा वूफर बघायला बारा इंची वाटतो, कोन मात्र दहा इंचीवाला, कितीतरी जण तिथेच फसतात. फोमची आतली पट्टी सपाट आहे की कोनच्या उताराला धरून तिरकी, आणि ती कोनच्या पुढून चिकटवलीय की मागून, हे जुना फोम काढताना फोटो काढून ठेवा. आणि दुकानात वर्षानुवर्षं पडलेली रिंग घेऊ नका, फोम पाकिटातही म्हातारा होतो.

जुना फोम काढणं कंटाळवाणं आहे, अवघड नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल, जुना टूथब्रश, बोथट सुरी आणि एक निवांत दुपार. थिनर आणि ॲसिटोन कोनजवळ आणायचं नाही, प्लास्टिकच्या काही कोनना ते खातं, कागदाच्या कोनवर कॉइलचा गोंद सोडवतं. आणि स्क्रूड्रायव्हर! मागे किलोभराचं मॅग्नेट आहे हे आपण विसरतो आणि ते हातातलं लोखंड असं खेचून घेतं की कोनमधून आरपार. खोक्यातून वूफर काढतानाच हे होतं, म्हणून मी स्क्रू अर्धे सैल झाले की पुठ्ठ्याचा गोल तुकडा कोनवर टेपने लावतो. तसंच ज्या टेबलावर लोखंड घासलंय, कापलंय तिथे हे काम करू नका, तो कीस मॅग्नेटच्या फटीत गेला की बाहेर काढता काढता नाकी नऊ येतात.

गोंद: कागदाच्या कोनला पांढरा, वाळल्यावर पारदर्शक आणि लवचिक राहणारा पीव्हीए जातीचा गोंद पुरतो, त्याला दहा-पंधरा मिनिटं हलवाहलवीची सवलत असते. तीच हवी. झटपट चिकटणारा गोंद किंवा चपलांना लावतात तो पिवळा गोंद अजिबात नको, टेकवला की संपलं. कोन पॉलीप्रॉपिलीनचा असेल तर पांढरा गोंद त्यावर धरत नाही, वाळला की सालपटासारखा निघतो, त्यासाठी स्पीकरचा वेगळा गोंद मिळतो तोच आणा.

आता मुख्य गोष्ट. कॉइल मधोमध ठेवणं.

लोकांना वाटतं की कोनला मधे फोम धरतो. तसं नाहीये. कॉइलला मधे धरतो तो मागचा पिवळट सुरकुत्यांचा स्पायडर, आणि नवा फोम वाकडा बसला तर तो कॉइलला एका बाजूला ओढतो. कॉइल आणि लोखंडाच्या मधली फट दोन्हीकडे मिलिमीटरच्या चौथ्या हिश्श्याएवढी, कधी त्याहून कमी. एवढ्यात तुम्हाला खेळायचंय.

काकांच्या जेबीएलवर मी पहिल्यांदा जे केलं ते सगळे करतात. डस्ट कॅप, म्हणजे कोनच्या मधली गोल टोपी, काढायची भीती वाटली, म्हणून कुठेतरी वाचलेली "बोटांची पद्धत" वापरली: गोंद लावा, फोम टेकवा, दोन बोटांनी कोन दाबून बघा, घासलं तर फोम थोडा सरकवा, घासायचं थांबलं की झालं. थांबलंही. रात्रभर वाळवला, सकाळी खोक्यात बसवला, काकू चहा घेऊन आली आणि मी कौतुकाने आवाज वाढवला, तर तबल्याच्या प्रत्येक डग्ग्यावर खर्र. खर्र. काका काही बोलले नाहीत, आवाज कमी करायला उठले फक्त. नंतर कळलं काय झालं ते. दोन बोटांनी दाबताना आपण नकळत कोनला सरळ करत दाबतो, म्हणजे जो दोष शोधायचा तोच आपल्या बोटांनी झाकतो. ॲम्प्लिफायर असली मेहेरबानी करत नाही.

म्हणून माझं ठाम मत: मोठ्या आणि जुन्या वूफरला कॉइलच्या आतल्या फटीत पातळ पट्ट्या घालूनच काम करायचं. ज्यांना पट्ट्यांशिवाय जमतं त्यांचा स्पायडर तरुण असतो. चाळीस वर्षं उभ्या खोक्यात लोंबलेला स्पायडर मधे कुठे आहे हे त्यालाच आठवत नसतं.

पहिली पायरी, डस्ट कॅप. नवीन ब्लेड, कडेपासून दोन मिलिमीटर आत, आडवं धरून फिरवायचं, खोल खुपसायचं नाही. कॉइलच्या तारा काही वूफरमध्ये टोपीच्या कडेखालूनच जातात, आणि ती कापली की मग खरंच रिपेअरवाल्याकडे जायची वेळ. टोपी निघाली की मधे लोखंडाचा खांब आणि त्याभोवती कॉइलची नळी दिसते. फटीत धूळ असेल तर चिकटपट्टी दुमडून आत फिरवा, येते बाहेर. मग ते तोंड टेपने झाकून ठेवा.

दुसरी, फोम कोनला चिकटवणं. इथे माझी तुम्हाला विनंती आहे की घाई करू नका, कारण चूक इथे होते आणि दिसते दुसऱ्या दिवशी. फोम कोनवर एका बाजूला एखादा मिलिमीटर जास्त चढला, की उद्या फ्रेमवर तो त्याच बाजूने ओढणार. मी कोनवर पेन्सिलने चार खुणा करतो, चारही ठिकाणी कडेपासून फोमपर्यंतचं अंतर पट्टीने मोजतो आणि मगच गोलाकार बोट फिरवून दाबतो. मग रात्रभर हात लावायचा नाही. फ्रेमचा गोंद आजच लावून टाकू असं वाटेल. नका लावू.

तिसरी, पट्ट्या. ओएचपीची (ओव्हरहेड प्रोजेक्टरची) पारदर्शक फिल्म, साधारण ०.१ मिलिमीटर जाडीची, सेंटीमीटरभर रुंद कापायची, टोकं गोल करायची. वूफर मॅग्नेट खाली ठेवून सपाट आडवा. खांब आणि कॉइलची नळी यांच्या मधे समोरासमोर चार पट्ट्या सरकवा, कॉइल मोठी असेल तर आठ. पट्टी किंचित घासत आत जायला हवी आणि सोडल्यावर उभी राहायला हवी. पडली तर सगळीकडे अजून एकेक थर द्या, सगळीकडे सारखाच. जोर लावावा लागला तर जाड झाली. माझ्या दुसऱ्या प्रयत्नाचं वाटोळं इथेच झालं: घरातली जुनी एक्स-रे फिल्म कापली, ती ०.२च्या जवळपास, तीन आत गेल्या, चौथी मी अंगठ्याने रेटली. कॉइल तिरकी झाली आणि मी तिला तशीच, अगदी प्रेमाने, फोमने कायमची बांधून टाकली.

पट्ट्या नीट बसल्या की कोन आपल्या नैसर्गिक उंचीवर सोडा, वर ओढू नका, खाली दाबू नका. फ्रेमवर गोंदाचा पातळ थर, मग फोमची कड बारा, सहा, तीन, नऊ अशी समोरासमोर टेकवायची, गाडीच्या चाकाचे नट आवळतो तशी, नंतर मधल्या जागा. एका टोकापासून गोल दाबत गेलात तर फोम शेवटी कुठेतरी फुगा धरतो आणि तो फुगाच कोनला ढकलतो. कपड्यांचे चिमटे लावा. पावसाळ्यात एक रात्र पुरत नाही, दोन द्या.

आता टोपी लावायच्या आधी परीक्षा. पट्ट्या मोजून काढा, आठ घातल्या तर आठ आल्या का बघा, हसू नका. वूफर हातात उभा धरा, खोक्यात असतो तसा, आणि मोबाइलवरच्या टोन जनरेटरने ३० हर्ट्झचा साइन टोन ॲम्प्लिफायरमधून द्या, आवाज शून्यापासून चढवत कोन तीन-चार मिलिमीटर हलेपर्यंत. या टोनला जवळजवळ काहीच ऐकू यायला नको, पंख्यासारखी घरघर सोडून. कान कोनच्या जवळ न्या. नखाने कागद खरवडल्यासारखं बारीकसं जरी आलं तरी समजून जा, वाजवून वाजवून ते जाणार नाही, वाढेल. फ्रेमवरची कड ओल्या कापसाने सोडवा, आज ते सोपं आहे, महिनाभराने नाही.

बाकी सोपं. टोपीच्या कडेला गोंदाची बारीक रेघ, जास्त नको, आत ओघळला तर कॉइल खांबाला चिकटेल. वूफर परत बसवताना आधीपेक्षा १८० अंशांत फिरवून लावा म्हणजे लोंबलेला स्पायडर आता दुसऱ्या बाजूने लोंबेल. बंद खोक्याचा स्पीकर असेल, एआर किंवा ॲडव्हेंटसारखा, तर गॅस्केट (वूफर आणि खोक्याच्या मधली हवाबंद पट्टी) नवी घाला, हवा गळली तर बेस गेला. तारा निघाल्या तशाच लावा. बॅटरी लावून "लाल टोकाला प्लस दिला की कोन बाहेर आला पाहिजे" हे तपासणाऱ्यांसाठी: जुन्या जेबीएलमध्ये कोन आत जातो, तो दोष नाही, त्यांची पद्धतच तशी होती, म्हणून काढतानाच तारांचा फोटो घ्या. क्रॉसओव्हरचे (बेस आणि बारीक आवाज वेगळे करणाऱ्या सर्किटचे) कपॅसिटर त्याच दिवशी बदलू नका, नंतर आवाज वेगळा वाटला तर कशामुळे ते कळणार नाही.

शेवटी मार्करने मॅग्नेटच्या पाठीवर तारीख टाका, पुढच्या माणसाला फोम किती जुना ते कळतं. काकांच्या डाव्या वूफरच्या पाठीवर माझ्या अक्षरातल्या तीन तारखा आहेत, पहिल्या दोन एकाच आठवड्यातल्या.