ख्रिस्ती श्रद्धेविषयी बोलताना या चुका टाळा

पेत्राच्या पहिल्या पत्रातील तिसऱ्या अध्यायाचे पंधरावे वचन आपल्याकडच्या अनेक युवक शिबिरांत पाठ करून घेतले जाते. तुमच्या ठायी जी आशा आहे तिच्याविषयी जो कोणी विचारील त्याला उत्तर देण्यास सदैव सिद्ध असा, असे ते सांगते आणि ते उत्तर सौम्यतेने व आदराने द्या, अशी अटही लगेच घालते. पाठांतरात पहिला भाग पक्का राहतो, अट मात्र गळून पडते. त्याहून अधिक दुर्लक्षित राहणारी गोष्ट अशी की, या वचनात विचारणारा माणूस आधी आहे आणि उत्तर त्याच्यामागून आले आहे. शेजाऱ्यांशी, कार्यालयातल्या सहकाऱ्यांशी किंवा महाविद्यालयातल्या मित्रांशी श्रद्धेविषयी बोलताना आपले जे काही बिघडते, त्यातले बरेचसे हा क्रम उलटा केल्यामुळे बिघडते. उत्तर आधीच तयार असते, आणि समोरच्याने काहीही विचारले तरी आपण तेच देतो.

प्रश्न पुरता ऐकण्याआधी उत्तर देणे

"देव प्रेमळ आहे म्हणता, मग हे असं का होतं?" हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या तासाला बसून आलेला विद्यार्थी विचारतो, आणि जिचा मुलगा अतिदक्षता विभागात आहे ती खालच्या मजल्यावरची काकूही विचारते. शब्द तेच असले तरी प्रश्न एक नाही. विद्यार्थ्याला मनुष्याचे इच्छास्वातंत्र्य, पापाचा शिरकाव आणि क्रुसावर देवाने स्वतः सोसलेले दुःख यांविषयी सविस्तर सांगता येते, आणि तसे सांगावेही. काकूंपुढे तेच मांडणे निर्दयपणाचे होईल. "काकू, मला कारण माहीत नाही. रात्री दवाखान्यात कोण थांबणार आहे?" एवढेच तिथे योग्य उत्तर असते, आणि ते तोंडदेखले असू नये. बायबलमधल्या ईयोबावर संकटे कोसळली तेव्हा त्याचे मित्र त्याच्याजवळ सात दिवस आणि सात रात्री एक शब्दही न बोलता जमिनीवर बसून राहिले होते. पुढे त्यांनी बोलायला सुरुवात केली, आणि ग्रंथाच्या शेवटी देवाचा राग ओढवून घेतला.

त्यामुळे उत्तराआधी एक साधा प्रश्न आपण विचारावा: "हे तुमच्या मनात कशावरून आलं?" यातून बरेच कळते. त्रैक्याविषयी, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या शिकवणीविषयी, विचारणाऱ्याला पुष्कळदा त्रैक्याशी कर्तव्य नसते; लग्न करून ख्रिस्ती झालेल्या आपल्या बहिणीशी घरच्यांनी बोलणे टाकले आहे, हे त्याला सांगायचे असते.

वाद जिंकायला जाणे

या बाबतीत आपल्याच प्रांताचा इतिहास बोलका आहे. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी मुंबईत १८३१ च्या सुमारास जाहीर वाद घडवले. मोरभट दांडेकरांनी हिंदू धर्माच्या बाजूने पुस्तक लिहिले आणि विल्सन यांनी १८३२ साली त्याला छापील उत्तर दिले. १८५७ साली विष्णुबावा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर झालेले वाद ऐकायला लोक कुस्तीच्या फडाला जमावेत तसे जमत. दोन्ही बाजूंचे समर्थक आपापला मल्ल जिंकला असे म्हणत घरी गेले असतील, असे मानायला जागा आहे. याउलट धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी १८३९ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा ते विल्सन यांच्या शाळेत शिकलेले होते. वर्गातल्या दीर्घ सहवासाने तिथे जे साधले, ते व्यासपीठाला साधले नाही.

काशीच्या नीळकंठशास्त्री गोरे यांचे उदाहरण याहून बारकाईने पाहण्यासारखे आहे. हे मराठी घराण्यातले शास्त्री मिशनऱ्यांचे खंडन करायला निघाले होते, त्यांनी संस्कृतात तसा ग्रंथही रचला आणि १८४८ साली ते ख्रिस्ती झाले. मधली वर्षे त्यांनी वाचण्यात, मिशनऱ्यांना भेटण्यात आणि नव्या शंका काढण्यात घालवली. वाद मुळी करूच नये, असा निष्कर्ष यातून काढू नये, कारण गोरे यांना युक्तिवाद हवाच होता. पण चार लोकांदेखत हरवलेला माणूस पुन्हा शंका घेऊन आपल्याकडे येत नाही. कार्यालयात जेवणाच्या सुट्टीत चर्चा तापू लागली आणि आजूबाजूचे डबे बाजूला ठेवून ऐकू लागले की, तो विषय तिथेच थांबवून संध्याकाळी दोघांनीच बोलावे.

खोटा पुरावा वापरणे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे, आणि ती करणारी माणसे बहुधा प्रामाणिक असतात, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटते.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या दोन गोष्टी प्रत्येकाने कधी ना कधी वाचल्या असतील. डार्विनने मृत्युशय्येवर आपला सिद्धांत मागे घेतला, ही पहिली. ती कथा १९१५ साली, म्हणजे डार्विन वारल्यानंतर तेहतीस वर्षांनी छापून आली आणि त्याच्या मुलीने ती स्पष्ट शब्दांत खोडून काढली. बायबलमध्ये यहोशवाच्या प्रार्थनेने सूर्य थांबल्याचे म्हटले आहे, तो हरवलेला दिवस नासाच्या संगणकाला सापडला, ही दुसरी. असा कोणताही शोध नासाने लावलेला नाही. ऐकणाऱ्याने मोबाइलवर दोन मिनिटे शोधले तरी त्याला हे कळते, आणि मग येशूची कबर रिकामी होती हेही आपण तसेच कुठून तरी उचलले असावे, असे तो धरून चालतो. त्यात त्याचा दोष नाही.

आपल्याकडची खास चूक याहून नाजूक आहे. ऋग्वेदाच्या पुरुषसूक्तात येशूच्या बलिदानाचे भाकीत आहे, त्यात काट्यांचा मुकुट आणि खिळेसुद्धा आले आहेत, असे काही वक्ते ठणकावून सांगतात. दहाव्या मंडलातल्या नव्वदाव्या सूक्तात देव पुरुषाचा यज्ञ करतात, हे खरे आहे. पण त्यात काटे नाहीत, खिळेही नाहीत. ज्याच्या घरी पूजेत हे सूक्त म्हटले जाते, त्याला ते तोंडपाठ असते, आणि आपल्याला त्याची पहिली ऋचाही येत नसते. भविष्यपुराणाचेही तसेच आहे. त्याच्या प्रतिसर्गपर्वात शालिवाहन राजाला हिमालयाच्या परिसरात ईशपुत्र भेटल्याची कथा आहे आणि ती आपण आनंदाने पुढे करतो. त्याच पर्वात मोगल बादशहा आणि इंग्रजही येतात, तेव्हा हा भाग किती उशिरा लिहिला गेला हे उघड आहे. शिवाय येशू क्रुसावर मेलाच नाही, तो काश्मीरला येऊन राहिला, असे म्हणणारे लोकही पुरावा म्हणून हाच उतारा देतात. तो एका वेळी आपल्याला मान्य आणि दुसऱ्या वेळी अमान्य असू शकत नाही.

काश्मीरचा प्रश्न महाराष्ट्रात हमखास निघतो, म्हणून त्याची मुळे ठाऊक असावीत. निकोलाय नोटोविच या रशियन लेखकाने १८९४ साली लडाखच्या हेमिस मठात येशूचे अज्ञात चरित्र सापडल्याचे जाहीर केले. पुढच्याच वर्षी आग्र्याच्या महाविद्यालयातले एक प्राध्यापक स्वतः हेमिसला गेले, तेव्हा तिथल्या प्रमुख लामांनी असा कोणताही ग्रंथ मठात नसल्याचे सांगितले. श्रीनगरच्या रोजाबलमधली कबर येशूची आहे, हा दावा अहमदिया पंथाचे संस्थापक मिर्झा गुलाम अहमद यांनी त्यानंतर काही वर्षांनी मांडला. हे शांतपणे सांगावे, हसून उडवू नये. बायबलची पुस्तके निकेयाच्या परिषदेत मतदानाने निवडली, हा आक्षेपही असाच ऐकीव आहे. ३२५ सालच्या त्या परिषदेत मुख्य वाद पुत्राच्या स्वरूपाविषयी, पुत्र हा देवाने निर्माण केलेला आहे या एरियसच्या मताबद्दल होता, आणि नव्या करारातल्या सत्तावीसही पुस्तकांची नेमकी यादी आपल्याला अलेक्झांड्रियाचे बिशप अथनेशियस यांच्या ३६७ सालच्या पत्रात मिळते.

म्हणून समोरच्याच्या परंपरेला हातच लावू नये, असे मात्र नाही. पौलाने अथेन्समध्ये तिथल्या कवींच्या ओळी उद्धृत केल्या, आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्तापर्यंत आलो असे म्हणत. त्या कवींनी जे म्हटले होते तेच पौलाने घेतले. टिळकांनी तर तुकोबांच्या अभंगांवर जन्मभर प्रेम केले. दुसऱ्याच्या ग्रंथात आपल्याला हवे ते घुसवणे ही वेगळी गोष्ट आहे.

गोव्याचा विषय झटकून टाकणे

इन्क्विझिशनचा, म्हणजे श्रद्धेपासून ढळलेल्यांना शिक्षा करणाऱ्या चर्चच्या न्यायासनाचा, उल्लेख झाला की, "तो काळच तसा होता" किंवा "ते पोर्तुगीज होते, आम्ही नाही" अशी वाक्ये आपल्या तोंडून निघतात. गोव्यातले हे न्यायासन १५६० मध्ये सुरू झाले आणि मधला थोडा खंड सोडता १८१२ पर्यंत चालले. ते अन्यायाचे होते, ख्रिस्ताच्या नावाने चालले आणि ख्रिस्ताच्या शिकवणीविरुद्ध होते, एवढे पहिल्याच वाक्यात कबूल करावे. बाप्तिस्मा घेतलेलेच लोक प्रामुख्याने त्याच्या कचाट्यात सापडले, हा तपशील खरा असला तरी तो पळवाट म्हणून पुढे केला तर कबुलीची किंमत जाते. आपल्या मंडळ्यांत लग्न जुळवताना आणि काही ठिकाणी दफनभूमीतसुद्धा जात पाहिली जाते. त्याबद्दल कोणी विचारले तर तेही मान्य करावे.

"तांदळाचे ख्रिस्ती", म्हणजे अन्नासाठी धर्म बदललेले, हा टोमणा मात्र वेगळा आहे. त्याला चिडून उत्तर देणारे पुष्कळ असतात. दुष्काळात मिशनने अन्न दिले हे खरे आहे, पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मुलींना वाचवून केडगावला आणले हेही खरे आहे, आणि तेव्हा आलेल्यांत सर्वांचे हेतू शुद्ध असतील असा दावा कोणी करू नये. भुकेल्याला अन्न देणे हा गुन्हा नाही आणि पणजोबांनी का निर्णय घेतला यावरून पणतवाची श्रद्धा जोखता येत नाही, एवढे सांगून थांबावे. याच रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यानंतरही आपल्या शिक्षिकांशी ख्रिस्ताच्या ईश्वरत्वावर आणि त्रैक्यावर पत्रांतून कडाडून वाद घातला होता. विकत घेतलेली माणसे असे वाद घालत नाहीत.

सोपे करण्याच्या नादात चुकीचे शिकवणे

"म्हणजे तुमचं आमच्या दत्तासारखंच ना?" असे कोणी आपुलकीने विचारले की, आपल्याला हो म्हणण्याचा मोह होतो. नाहीतर रविवारच्या शाळेत शिकलेले पाणी, बर्फ आणि वाफ बाहेर पडतात. पाण्याचे ते उदाहरण म्हणजे एकच देव तीन सोंगे घेतो अशी शिकवण होय, आणि तिसऱ्या शतकात सबेलियसच्या नावाने ओळखले जाणारे ते मत मंडळीने नाकारले होते. उदाहरणाऐवजी यार्देन नदीवरचा प्रसंग सांगावा: पुत्र पाण्यात उभा आहे, आत्मा उतरतो आहे आणि पिता बोलतो आहे, आणि तरीही देव एकच आहे, असे ख्रिस्ती लोक मानतात. यात पुरते न उलगडणारे काही उरते, तेही प्रांजळपणे सांगावे.

"सगळे देव एकच" हे वाक्यही असेच आहे. देव्हाऱ्यात साईबाबांशेजारी येशूची तसबीर ठेवणाऱ्या शेजाऱ्यावर आपण रागावतो, किंवा आता तो निम्मा आपला झाला असे समजतो. त्याच्या मनातला आदर खरा आहे, त्याचा मान राखावा. मग ख्रिस्ती श्रद्धा कशावर उभी आहे ते सांगावे. ती एका घटनेवर उभी आहे, जिला ठिकाण आणि काळ आहे. येशूला क्रुसावर देण्याचा हुकूम देणारा पंतय पिलात इसवी सन २६ ते ३६ या काळात यहूदियाचा सुभेदार होता, आणि त्याचे नाव कोरलेला दगड १९६१ साली कैसरियाच्या उत्खननात सापडला. त्या दगडाने पुनरुत्थान सिद्ध होत नाही, हे आपणच आधी म्हणावे. ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ आहे, असे पौलाने करिंथकरांना स्वतःच लिहून ठेवले आहे. इतकी उघडी बाजू दाखवणारा धर्म कसा तपासायचा, हे मग ऐकणाऱ्याने ठरवावे. चार शुभवर्तमानांत कबरेपाशी गेलेल्या स्त्रियांची नावे वेगवेगळी आहेत, हे कोणी दाखवले तर नाकारू नये. साक्षीदारांच्या कथनात असे फरक असतात, आणि कबर रिकामी होती याबद्दल चौघांचेही एकमत आहे.

हमी देणे

"प्रार्थना करा, नक्की बरं वाटेल" असे म्हणणे शास्त्राला धरून नाही. तीन वेळा विनंती करूनही पौलाच्या शरीरातला काटा गेला नव्हता. कायद्याच्या दृष्टीनेही हे अंगाशी येते: चमत्काराच्या दाव्याने लोकांना फसवणे महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. संविधानाच्या अनुच्छेद २५ ने धर्माचा प्रसार करण्याचा हक्क दिला असला, तरी दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्पष्ट केले आहे. नोकरी, शाळेतला प्रवेश, औषधपाणी यांचा आणि श्रद्धेचा विषय एकाच बैठकीत काढू नये, हा नियम स्वतःला घालून घेतलेला बरा.

आता शेवटची चूक. कोणी "वाचायला काही द्या" म्हटले की, आपण संपूर्ण बायबल हातात ठेवतो. तो माणूस उत्पत्तीपासून सुरुवात करतो, निर्गमाच्या उत्तरार्धात निवासमंडपाच्या, म्हणजे इस्राएली लोकांच्या उपासनेच्या तंबूच्या, मापांपाशी अडकतो आणि पुस्तक कपाटात जाते. त्याऐवजी मार्काचे शुभवर्तमान सुटे द्यावे. ते सोळाच अध्यायांचे आहे आणि एका संध्याकाळी वाचून होते. आठवड्याने तो भेटेल, तेव्हा पाचव्या अध्यायातली बुडालेली दोन हजार डुकरे आणि अकराव्यातले वाळलेले अंजिराचे झाड यांविषयी बहुधा विचारील. तेव्हा ते दोन उतारे आपण आधी एकदा नीट वाचून ठेवावेत.